एक कान त्यांचा, एक माझा

मोबाइलच्या दुकानात माझ्या पुढे एक काकू उभ्या होत्या. नव्या फोनला इअरफोनचं भोकच नाही, म्हणून त्या तो परत करायला आल्या होत्या.

"आता वायरलेसच वापरतात, काकू. कानात घाला आणि घरभर फिरा," दुकानदार म्हणाला.

"फिरायचंय कुणाला? यांच्या डायलिसिसला चार तास आम्ही गाणी ऐकतो. एक कान त्यांचा, एक माझा. वायर असली की मी उठून जाणार नाही, याची त्यांना खात्री असते."

एकमेकांपासून सुटं होता येणं, यालाच आपण हल्ली सोय म्हणतो, असं मनात आलं.

दुकानदाराने चार्जिंगच्या जागी बसणारा छोटा कनेक्टर शोधून दिला. काकूंनी इअरफोनची एक बाजू स्वतःच्या कानात घातली, दुसरी माझ्यापुढे धरली.

"ऐका बरं, दोन्हीकडे येतंय का?"

वायर आखूड होती. मी मान झुकवली.