कुत्र्यांनी निवडलेली बाग

रमणभाईंचा फोन आला तेव्हा मी गालाला फेस लावून आरशासमोर उभा होतो. “भाई, झट आवो. बेन हींचके बेठां छे, पण बोलतां नथी,” एवढंच ते म्हणाले. रमणभाई म्हणजे माझ्या कुसुमआत्याचे शेतशेजारी. आत्या झोपाळ्यावर बसली आहे आणि बोलत नाही, याचा अर्थ मला तिथेच कळला, कारण आमची आत्या जागेपणी गप्प बसल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. बडोद्यातल्या निजामपुऱ्यातून निघून डभोईच्या रस्त्याला लागेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. मी पोहोचलो तेव्हा ती ओसरीवरच्या झोपाळ्यावर कडीला डोकं टेकवून बसली होती. सकाळचं पाणी घालून झालं होतं, साडीचा काठ अजून ओला होता... आणि तिची तिन्ही कुत्री झोपाळ्याखाली पडून होती. एरवी माझी गाडी वळणावर आली की ती तिथूनच आकाशपाताळ एक करायची. त्या दिवशी एकानेही मान वर केली नाही, आणि ते बघूनच मला रडू फुटलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. आत्या बडोद्यातल्या एका शाळेत गणित शिकवायची. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, रिफायनरीत होते. निवृत्तीनंतर शेतात राहायचं म्हणून त्यांनी डभोईच्या अलीकडे थोडी जमीन घेतली, दोन खोल्या आणि ओसरी बांधली, आणि घराला रंग लागायच्या आत ते गेले. आत्या जमीन विकून शहरात परत येणार, असं आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. तिने उलट शहरातला फ्लॅट भाड्याने दिला, एक ट्रंक आणि एक कुत्री घेऊन टेम्पोत बसली आणि तिकडे राहायला गेली. तेव्हापासून ‘आत्याने तिथे एकटीने राहायचं की नाही’ हा आमच्या घरातला ठरलेला विषय झाला. कैऱ्या बाजारात आल्या की तोही निघायचा. तिचा मुलगा मकरंद बंगळुरूहून फोन करायचा, मी भेटायला जाऊन समजूत घालायचो, आणि येताना तिने भरून दिलेली छुंद्याची बरणी तेवढी घेऊन यायचो.

तिथला उन्हाळा ज्याने पाहिला नाही त्याला मी काय सांगणार! माझ्यासारखा एसी लावून झोपणारा माणूस तिथे दोन दिवसांत मऊ व्हायचा. आत्याचा दिवस मात्र उजाडायच्या आधी सुरू व्हायचा. मोटर चालू करायची, नळी खांद्यावर टाकायची आणि झाडाझाडाशी बोलत फिरायचं. पुढे मामलेदार, मागे पापड, सर्वांत शेवटी ठमी. ही कुत्र्यांची नावं; ठमी टेम्पोतून आलेली, बाकीचे दोघे तिथेच येऊन चिकटलेले. मामलेदार सगळ्या गोष्टीत नाक खुपसायचा, पापड नावाप्रमाणेच किडकिडीत होता आणि ठमी ही म्हातारी, जिला घाई हा शब्द माहीत नव्हता. उन्हं वर आली की खिडक्यांना ओली पोती लागत. दुपारी ओसरीवर आम्ही आमरस खाऊन आडवे होत असू, अंगणात साखर घातलेल्या कैरीच्या किसाच्या परातीवर पातळ फडकं बांधलेलं असे, आणि सगळीकडे अशी चिडीचूप होई की झोपाळ्याची कडी कुरकुरलेलीही जोरात ऐकू यायची. संध्याकाळी सडा घातला की मातीतून वाफ निघे. मग आत्या दुधी, गवार, जे काही वेलीवर असेल ते माझ्या पिशवीत कोंबायची. “शहरात मिळतं ते खातोस आणि त्याला भाजी म्हणतोस,” असं वर ऐकवायची.

पण मला सांगायचं आहे ते तिच्या बागेबद्दल. पहिल्या पावसाळ्यात तिने गणिताच्या बाईला शोभेल अशी बाग आखली होती. दोऱ्या ताणून, खुणेच्या काठ्या रोवून, चिकू, आंबा, लिंबू, सीताफळ यांच्या सरळ रांगा. पुढचा उन्हाळा आला आणि त्या रांगांतली रोपं एकेक करून करपली. तिने पाणी घातलं, सावलीसाठी ताडपत्री बांधली, पण काही उपयोग झाला नाही. त्यातच कुत्री भलत्याच जागी खड्डे उकरून त्यात पोट टेकवून पडायची. आत्या काठी घेऊन त्यांच्यामागे धावायची, खड्डे बुजवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका दुपारी चिडून तिने ठमीला खड्ड्यातून ओढून काढलं आणि माती लोटायला हात घातला, तर हाताला गारवा लागला. वर पाय ठेवता येत नव्हता अशी तापलेली जमीन, आणि आत ओलसर, गार माती... ती नंतर मला म्हणाली, “बाळू, मी तिथेच फतकल मारून बसले. म्हटलं, आपण यांना शिकवायला निघालो होतो.”

त्यानंतर तिने जे केलं ते मी दुसऱ्या कुणी केल्याचं ऐकलेलं नाही. तिने खड्डे बुजवणं बंद केलं. उन्हाळाभर कुत्रं ज्या खड्ड्यात पडेल तो त्याचा, त्याला तिथून उठवायचं नाही, पाहुणा आला तरी नाही. पावसाला सुरुवात झाली की कुत्री ओसरीवर येत. मग रिकाम्या झालेल्या खड्ड्यात ती शेणखत घालायची आणि तिथेच झाड लावायची. पुढच्या उन्हाळ्यात कुत्री नव्या जागा शोधत आणि बाग तिकडे सरकत जायची. अमुक ठिकाणी चिकू छान दिसेल असं मी सुचवलं की ती म्हणायची, “मला काय सांगतोस? मामलेदारांचा अर्ज येऊ दे.” मी हसायचो. रमणभाई तर उघडच हसायचे. पण झाडं जगत होती. वाकडीतिकडी, कुठे दोन जवळजवळ, कुठे मध्ये मोकळी जागा, पण टिकलेली आणि गर्द हिरवी.

मकरंदला हे पटणं शक्यच नव्हतं. तो आईवर जीव टाकणारा मुलगा. आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे राहिली होती तेव्हा तो रजा काढून आला आणि आईला खूश करायचं म्हणून शेतावर माणसं लावून सगळे खड्डे भरून घेतले, जमीन सपाट करून घेतली, ठिबकच्या नळ्या अंथरल्या. कुत्र्यांसाठी त्याने कूलरसुद्धा आणला होता! आत्या काळा चष्मा लावून गाडीतून उतरली, तिने त्या सपाट जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाली, “छान झालं हं. दमला असशील, चहा घे.” बस्स, एवढंच. कूलरपुढे ठमी एकदाच बसली, शिंकली आणि निघून गेली. आठवडा व्हायच्या आत तिघांनी मिळून पुन्हा खड्डे उकरले, आणि गंमत म्हणजे ते अगदी जुन्याच जागी होते. ठिबकच्या नळ्यांची तर त्यांनी चिरफळ्या करून रांगोळी घातली. मकरंद त्या खड्ड्यांकडे बराच वेळ बघत उभा होता. आत्या त्याला हसली नाही. मी हसलो तेव्हा तिने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

त्यानंतरच्या वर्षी मी आणि रमणभाई घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी बघायला चढलो होतो. काम झाल्यावर रमणभाई कठड्याशी गेले आणि तिथेच थांबले. वरून ती वाकडीतिकडी झाडं मला पहिल्यांदाच नीट दिसत होती. बोअरच्या कोपऱ्यातून निघालेली झाडांची ओळ घराला वळसा घालून रमणभाईंच्या बांधाकडे जात होती. “मारा बापाना वखतमां अहींथी वहेळो जतो,” ते हळूच म्हणाले. त्यांच्या वडिलांच्या काळात तिथून ओहोळ वाहत होता. पुढे कुणीतरी तो बुजवून शेत केलं. माणसांच्या लक्षातून गेलेलं ते पाणी जमिनीखाली अजून वाट धरून होतं, आणि तीन कुत्र्यांनी पोट टेकवून टेकवून ते शोधून काढलं होतं. मी खाली जाऊन आत्याला हे सांगितलं. ती भेंड्या चिरत होती. “हो का?” म्हणाली, विळी बाजूला केली आणि बाहेर जाऊन ठमीच्या शेजारी मातीत बसली. बराच वेळ ती आत आली नाही.

शेवटच्या दोन उन्हाळ्यांत बोअरचं पाणी कमी झालं. मोटर लावली की थोडा वेळ धार यायची आणि मग नुसती हवा. सगळ्या झाडांना पाणी पुरत नसे. कुणाला आधी, कुणाला नंतर, कुणी आज कळ काढायची, हे आत्याच्या डोक्यात असायचं. मकरंदने पुन्हा विषय काढला. मी स्पीकरवर ऐकत होतो. “आई, आता पुरे झालं. तुझं वय काय, ऊन काय! इथे ये, बाल्कनीत हव्या तेवढ्या कुंड्या लाव.” आत्या म्हणाली, “येते की. पाऊस पडू दे, म्हणजे ही मंडळी आपली आपण उभी राहतील. मग येते.” ती दर वर्षी हेच सांगायची आणि आम्हालाही ते माहीत होतं. पण गेल्या हिवाळ्यापासून तिची चाल मंदावली होती. विचारलं तर म्हणायची, “ठमीसाठी हळू चालते रे.”

ती गेली ती अशी भर उन्हाळ्यात, पाऊस लांब असताना. मकरंद आला, दिवस झाले, येणारे-जाणारे झाले, आणि त्या गडबडीत झाडांकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. तेराव्यापर्यंत पानं माना टाकू लागली होती. जमिनीला गिऱ्हाईकही आलं होतं, आणि ते दुसऱ्या दिवशी उत्तर मागणार होतं. झाडं काढून सपाट करून दिली तर बरं, असं त्याचं म्हणणं होतं. मकरंदच्या बाजूने बघितलं तर विकण्यात काही चूक नव्हती. तो बंगळुरूत, मी निजामपुऱ्यात. बाग जगवणार कोण? आणि कशी? “निदान आज तरी पाणी घालू,” तो चौदाव्या दिवशी पहाटे म्हणाला. मोटर लावली. नळी हातात घेऊन तो उभा राहिला आणि माझ्याकडे वळला. “आई आधी पाणी कुठे घालायची रे?” मला माहीत नव्हतं. रमणभाईंना माहीत नव्हतं. धार वाया चालली होती.

तेवढ्यात मामलेदार झोपाळ्याखालून उठला. अंग झाडलं आणि चालू लागला. मागून पापड, त्याच्यामागून ठमी. घराजवळच्या मोठ्या आंब्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ मागच्या बांधाजवळ गेली आणि थांबली. तिथे आम्हाला नुसता पाचोळा दिसत होता. मकरंदने वाकून तो बाजूला केला, तर आत गेल्या पावसाळ्यात लावलेलं जांभळाचं रोप होतं, वीतभर, अजून हिरवं. त्याने पाणी घातलं. खड्डा भरला तशी कुत्री पुढे निघाली. लिंबू, मग सीताफळ, मग एक चिकू सोडून दुसरा चिकू... ती चालत होती तिथे आम्ही चालत होतो. आत्या रोज या वाटेने गेली, आणि तिची ही वाट आम्हा शहाण्यासुरत्या माणसांपैकी एकालाही ठाऊक नव्हती. मला तेव्हा भीती वाटावी इतकं नवल वाटत होतं.

मग एका जागी कुत्री बसली. तिथे झाड नव्हतं, खड्डा नव्हता, पाचोळ्याखाली काही नव्हतं. मकरंदने मामलेदाराला चुचकारलं, पण तो हलेना. “इथे काय आहे?” मकरंदने विचारलं. बांधापलीकडून रमणभाई म्हणाले, “बेन अहीं थाक खातां.” आत्या तिथे दम घ्यायची.

“रोज?” मकरंदने विचारलं.

“रोज. गया शियाळाथी.”

गेल्या हिवाळ्यापासून. मकरंद नळी धरून तसाच उभा राहिला, पाणी त्याच्या पायावर पडत राहिलं आणि तो लहान मुलासारखा हमसून रडला. त्याचा फोन वाजला. गिऱ्हाईकाचाच होता. “जमीन द्यायची नाहीये,” एवढंच तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

तो बंगळुरूला गेला. आता पाणी घालायला मी जातो. मला पहाटे उठवणं आजवर कुणाला जमलेलं नव्हतं, बायको अजून विश्वास ठेवत नाही. मामलेदार आणि पापड पुढे, मी मध्ये, ठमी शेवटी. त्या जागी आलो की तिघंही बसतात. मी दमलेलो नसतो. तरी नळी खाली ठेवतो आणि उभा राहतो. आत्याला दम घ्यायला जेवढा वेळ लागे तेवढा वेळ जातो, मग मामलेदार उठतो, आणि आम्ही पुढच्या झाडाकडे जातो.