दोघींचे हात टेकेपर्यंत

आदरणीय मुरलीधर गांगुर्डे सरांची आणि माझी पहिली भेट शाळेच्या मैदानावर झाली. लेझीमच्या रांगेतून मला नुकतंच बाजूला काढलं होतं. मी अंगानं थोराड, त्यामुळे रांग एकसारखी दिसत नव्हती. देवळाली कॅम्पात लष्करी व्यायामशिक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले सर त्या दिवशी पाहुणे होते. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, “पाय चांगले रोवून उभी राहतेस. उद्या सकाळी तालमीमागच्या पटांगणात ये.” माझ्या अंगाबद्दल कुणीतरी चांगलं बोललेलं मी प्रथमच ऐकत होते.

लष्कराच्या एका शिबिरात जपानी पाहुण्यांकडून सर सुमो शिकले होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, टीव्हीवरच्या लठ्ठ पहिलवानांना लोक हसत असताना, सरांनी नाशकात या खेळाचा वर्ग काढला. भाताच्या पेंढ्याचे जाड दोर मातीत अर्धे पुरून त्यांनी रिंगण आखलं. ज्याचा पाय रिंगणाबाहेर पडेल किंवा झुंज सुरू झाल्यावर पायाच्या तळव्याखेरीज अंग मातीला लागेल, तो हरला. एवढाच नियम, ठोसा नाही, लाथ नाही. आम्ही मुली सलवारीवरून कमरेला सुती पट्टा गुंडाळायचो. जपानी रीतीप्रमाणे खेळाआधी मीठ उधळायचो, तेव्हा शेजारच्या बायका म्हणायच्या, “दृष्टच काढायची तर मोहऱ्या पण घ्या गं.”

सरांनी परंपरा डोळे मिटून उचलली नाही. तिकडच्या मोठ्या रिंगणात बाईला पाय ठेवू देत नाहीत, आणि आमच्या तालमीतल्या कुस्तीच्या मातीच्या हौदातही नाही. ही गोष्ट सरांनी दोन्हीकडची सोडून दिली. घेतली ती दुसरी. सुमोत पंचाच्या इशाऱ्यानं कुस्ती सुरू होत नाही. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकमेकांच्या डोळ्यांत पाहायचं आणि दोघांचेही हात मातीला टेकले की उठायचं. समोरचा तयार नसेल तर थांबायचं. ही रीत होती म्हणूनच शबनम आमच्यात आली. तिला ऐकू येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं.

पटांगण तालमीचं होतं, आणि तालमीचे अध्यक्ष तात्या यांना ते पटत नव्हतं. “बहिरी पोर. उद्या काही झालं तर निस्तरायचं कोणी?” असं ते विचारत. शेवटी ठरलं, की तालमीच्या वर्धापनदिनी शबनमनं सगळ्यांसमोर खेळून दाखवायचं. जमलं नाही तर ती वर्गात राहणार नाही. सर म्हणाले, “ती गेली तर वर्गच बंद करीन.” त्यांनी शबनमसमोर मला उभं केलं.

पंच तालमीनं दिले होते, कुस्तीतले जुने पहिलवान. मीठ उधळून आम्ही बसलो. माझे दोन्ही हात टेकले, शबनमचा एक. तेवढ्यात गर्दीत धक्काबुक्की झाली, तिची अम्मी उठून उभी राहिली आणि शबनमची नजर तिकडे गेली. त्याच क्षणी पंचांनी सवयीनं शिट्टी वाजवली.

मी उठले नाही.

“अगं ऊठ ना, पोळ्या लाटतीस का?” कोणीतरी ओरडलं. लोक हसले. पुन्हा शिट्टी झाली. पंच माझ्यावर वाकले. “शिट्टी झाली, पोरी. आता नाय उठली तर बाद करीन.”

मी सरांकडे पाहिलं. ते दोराबाहेर हात मागे बांधून उभे होते.

“बाद करा, पहिलवान,” सर शांतपणे म्हणाले. “पण तिचा हात टेकत नाही, तोवर ही उठणार नाही.”

“गांगुर्डे, लय झालं हां,” तात्या म्हणाले. “सगळा गाव बघतोय.”

“बघू द्या की. त्यासाठीच बोलावलंय ना तात्या?”

पंच सरळ झाले. त्यांनी शिट्टी खाली घेतली. हसणं हळूहळू थांबलं. शबनमनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, एक श्वास घेतला आणि दुसरा हात मातीवर ठेवला. आम्ही भिडलो. मी तिला दोरापर्यंत रेटत नेलं. टाच दोराला लागताच ती वळली आणि मी माझ्याच जोरानं बाहेर तोंडावर पडले. ती नाचली नाही. शिकवल्याप्रमाणे तिनं आधी मला उठायला हात दिला, मग आम्ही वाकून नमस्कार केला. पंचांनी तिचा हात वर केला. तात्या एवढंच म्हणाले, “पोरगी तयारीची हाय. राहू द्या.”

पुढे बारावीनंतर माझं शिक्षण थांबणार होतं. तेव्हा सर आमच्या झेंडूच्या मळ्यात आले आणि सकाळभर वडिलांच्या बरोबरीनं फुलं तोडत राहिले. शिक्षणाचा विषय त्यांनी काढलाच नाही. शेवटी वडीलच म्हणाले, “बरं सर, जाऊ द्या तिला कॉलेजात.” आज मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे. शबनम तर सरांच्या वर्गात लहान मुलांना शिकवते. सुरुवात कशी करायची ते मुलं तिच्याकडूनच शिकतात.

तालमीच्या हौदात मात्र अजून मुलींना प्रवेश नाही. सर दर वर्षी विचारतात, तात्या दर वर्षी “बघू” म्हणतात. साठीच्या उंबरठ्यावर सरांचे गुडघे दुखतात, तरी पहाटे पटांगणात पहिले तेच असतात. त्यांना उत्तम आरोग्य लाभो. त्या तांबड्या मातीत पहिली मुलगी उतरेल तेव्हा सर काठावर हात मागे बांधून उभे असोत, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं आम्हाला पहाटे त्यांच्या हाका ऐकू येवोत.