मास्तरचा कॉर्नेट आणि मोठमोठे शब्द

बँडवाल्यांजवळ किस्से फार साचतात हो! कारण आमचा निम्मा जन्म वाट पाहण्यात जातो. नवरदेव तयार व्हायची वाट, घोडी यायची वाट, मामा रुसलेला असेल तर त्याचं तोंड सरळ व्हायची वाट. तेवढ्यात काही ना काही घडतंच. आमच्या नेरच्या बँडचे बरेचसे किस्से मास्तरांचे आहेत. हसत सांगायला बसतो खरा, पण हल्ली शेवटचा किस्सा हसत सांगता येत नाही.

मास्तर म्हणजे उत्तमराव. आमचे पुढारी आणि कॉर्नेटवाले, म्हणजे ट्रंपेटसारखं छोटं पितळी वाद्य फुंकणारे. तरुणपणी नागपुरात एका म्हाताऱ्या मिशनरी बाईंकडे शिकले. त्या बाईंना युरोपातल्या जुन्या संगीताचं वेड. रोमँटिक काळ म्हणतात त्याला. तिथले शब्द मास्तर घेऊन आले आणि आमच्या वरातीत सोडले!

पहिला शब्द ‘रुबाटो’. मास्तरांनी समजावलं, “एका सुराचा थोडासा वेळ चोरायचा अन् पुढच्या सुरात परत द्यायचा. लय मोडत नाई, फक्त श्वास घेते.” आमचा साइड ड्रमवाला बाबूसिंग, बंजारा तांड्यावरचा गडी. त्याला हे फारच आवडलं. दुसऱ्याच दिवशी वरात बसस्टँडसमोर आली आणि ह्यानं वेळ चोरला. चोरला तो चोरलाच! काठ्या हवेत, नाचणाऱ्यांचे पाय हवेत, मागे दोन एसट्या भोंगे वाजवून राहिल्या.

मास्तर ओरडले, “अबे, चोरला त परत दे ना!”

“देतच होतो जी,” बाबूसिंग म्हणाला, “पन घोडी नवरदेवाले घेऊन समोर निंगून गेली!”

मग आला ‘लाइटमोटिफ’. म्हणजे प्रत्येक माणसाची आपली एक छोटी धून. तो आला की ती वाजणार. फुलसावंगीच्या लग्नात मास्तरांनी नवरदेवाला एक धून दिली, व्याह्यांना एक, मामाला एक. फुवाजी, म्हणजे नवरदेवाच्या आत्याचे यजमान, राहून गेले. फुवाजी मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसले, “आमाले धून नाई, त आमी जेवत नाई!” मास्तरांनी उभ्या उभ्या एक धून रचली. फुवाजी ऐटीत आत आले. आवडली असावी, कारण मागच्या दारानं बाहेर जाऊन पुन्हा समोरून आले! तिसऱ्यांदा आले तेव्हा मास्तरांच्या हातातून कॉर्नेट सुटला. ते मांडवाच्या खांबाला धरून खाली बसले आणि बराच वेळ त्यांना श्वासच घेता येईना. फुवाजी मात्र धून अर्धी राहिली म्हणून कुरकुरत होते.

मीच त्यांना यवतमाळला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर छातीचा फोटो पाहून म्हणाले, “काका, फुप्फुसं थकली तुमची. फुंकणं आजपासून बंद.”

“पोरीचं लग्न तेवढं होऊ द्या जी. गावाच्या पोरी वाजवून सासरी धाडल्या, माह्या पल्लवीले कोन वाजवीन?”

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मास्तरांनी घासाघीस सुरू केली, “मंग पियानिसिमो वाजवू का? म्हंजे लय लय हळू.”

“काका, तुम्हाला आता चालायचंही हळूच आहे.”

परतीच्या बसमध्ये मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले. मी युफोनियमवाला, कॉर्नेटहून मोठं पितळी वाद्य फुंकणारा, माझी छाती ठणठणीत, आणि मला त्याचीच लाज वाटत होती.

ऐकतील तर ते मास्तर कसले! केळापूरला एक म्हातारा गेला. नातवंडं-पतवंडं पाहून गेलेला, म्हणून वाजतगाजत न्यायचं ठरलं. मास्तर म्हणाले, “आज ‘प्रोग्रॅम म्युझिक’. शब्द नाईत, पन सुरातून गोष्ट सांगाची. बुढ्याचं जिनं वाजवू.” म्हातारा शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा, जुना शौकीन. आम्ही बालपण वाजवलं, लग्न वाजवलं, मग बैलजोडी सोडली! ड्रम धावायला लागला आणि खांदेकरीही धावायला लागले! थांबवणार कोण? मास्तर तर श्वास कोंडून अर्ध्या वाटेतच एका ओट्यावर बसलेले. म्हातारा स्मशानात पोहोचला तेव्हा लाकडांचा ट्रॅक्टरच यायचा होता.

लोक हसले. मी हसत हसत मास्तरांना घ्यायला त्या ओट्याकडे परत आलो आणि माझं हसू गेलं. मास्तरांचे ओठ निळे पडले होते.

आणि पल्लवीचं लग्न लागलं.

त्या दिवशी मास्तर सकाळपासून कोणाशी बोलले नाहीत. श्वास वाचवून ठेवत होते. व्याह्यांना नुसते हात जोडले. बिदाईच्या वेळी कॉर्नेट काढला आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, “मोरेंडो.”

मोरेंडो म्हणजे विझत विझत जाणारा सूर. आम्हाला तो कधीच जमला नाही. बँडवाल्याचा शेवट नेहमी धडामकन!

पहिली ओळ त्यांनी अशी वाजवली की बाया पदर तोंडाला लावून रडू लागल्या. पल्लवीला घेऊन तिच्या सासरची, दारव्ह्याची गाडी सुरू झाली. दुसऱ्या ओळीला सूर बारीक झाला. गाडी हलली तेव्हा मी त्यांच्या अगदी शेजारी होतो. बोटं पिस्टनच्या कळांवर नीट पडत होती, गाल फुगत होते, आणि कॉर्नेटमधून काहीही येत नव्हतं. नुसती हवा, मग तीही नाही.

आपण ‘आई गं’ म्हणतो तसं बाबूसिंग त्याच्या बोलीत पुटपुटला, “अरे याडी!” आणि त्यानं काठ्या ड्रमवर आडव्या ठेवल्या. आमच्यापैकी कोणीच वाजवलं नाही. मास्तरांनी गाडी फाट्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत कॉर्नेट ओठांवरून काढला नाही.

मागून कोणीतरी विचारलं, “मास्तरनं मधातच बंद काहून केलं?”

संध्याकाळी दारव्ह्याहून फोन आला. मास्तरांना बोलवत नव्हतं, म्हणून मी स्पीकर लावून त्यांच्यासमोर धरला.

“बाबा,” पल्लवी रडत म्हणाली, “फाट्याच्या पल्याड जाईपर्यंत आयकू येत होतं जी. शेवटचं त लय गोड वाजवलं!”