अंदमान, पुढच्या सुट्टीत

अंदमानबद्दल मला काहीही विचारा. पाचशेच्या वर बेटं, माणसांची वस्ती त्यातल्या जेमतेम तीस-पस्तीसांवर. वर अंदमान, खाली निकोबार, मध्ये दहा अंशावरची रुंद सामुद्रधुनी. दक्षिणेच्या टोकावरून चेन्नईपेक्षा सुमात्रा कितीतरी जवळ. इंग्रजांच्या आधी निकोबारवर डेन्मार्कची माणसं वसाहत करायला आली आणि तापाने पटापट मेली, हे किती जणांना ठाऊक असतं? मला ठाऊक आहे. आणि मी तिथे एकदाही गेलेलो नाही. हे ज्ञान काय चुलीत घालायचंय?

मूळ वेड बायकोचं. आम्ही दोघं रत्नागिरीकडची, राहतो कुवेतमध्ये फहाहीलला, समुद्रापासून दहा मिनिटांवर. "जन्म समुद्राकाठी गेला, आता आणखी कसला समुद्र बघायचाय?" असं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती उसळलीच. "आपल्या समुद्राचा तळ दिसलाय कधी तुम्हाला? गुडघाभर पाण्यात स्वतःचे पाय दिसत नाहीत. मला गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून खालचे मासे बघायचेत."

मग मीही पेटलो. वाचत गेलो आणि जेवताना तिला सांगत गेलो. लाकडं ओढायला नेलेले हत्ती एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जायचे, हे ऐकून ती खो खो हसली होती. पोर्ट ब्लेअरसमोरच्या एका चिमुकल्या बेटावर इंग्रजांनी चर्च, बेकरी, नाचघर सगळं थाटलं होतं; आता त्या भिंतींना झाडांच्या मुळांनी आवळून धरलंय. काळ्या पाण्याच्या तुरुंगाची रचना सांगितली तेव्हा मात्र तिने हातातला घास खाली ठेवला. प्रत्येक कोठडीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कुणाला कुणाचा चेहरा दिसू नये. "अरे देवा, याला डोकं म्हणायचं की काय!" म्हणाली.

जायचं मात्र राहिलं. आखातातल्या माणसाची सुट्टी त्याची नसते, गावाची असते. एका वर्षी पुतणीचं लग्न, एका वर्षी घराचा स्लॅब, एका वर्षी वडिलांचं वर्षश्राद्ध. एकदा धीर करून अंदमानचा विषय काढला, तर आई म्हणाली, "वर्षाने घरी येतोस आणि सुट्टी काढून काळ्या पाण्यावर जातोस? डोकं फिरलंय काय तुझं?" सगळे हसले, आम्हीही हसलो. पुढच्या सुट्टीत जाऊ म्हटलं. असं चौदा वेळा म्हटलं.

आमच्या लोकांची आणखी एक खोड आहे. आम्ही दुखणीसुद्धा सुट्टीसाठी राखून ठेवतो. दाढ, गुडघा, पाठ, सगळं गावी गेल्यावर. आपला डॉक्टर, आपली भाषा, निवांत दाखवू. आणि गावी कसलं आलंय निवांत! पाहुणे, आमंत्रणं, बॅगा भरणं, की संपली सुट्टी. बायकोला दहा वर्षांपासून शुगर. डोळे तपासायचे होते. दर वर्षी राहिले.

आता माझी लायकी ऐका. मी इथल्या एका हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागात टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढतो. शुगरवाल्यांना मीच अरबीत दम देतो, "कुल सना, कुल सना." म्हणजे दर वर्षी यायचं, दर वर्षी. परक्या बायकांना सांगत होतो आणि घरी स्वतःच्या बायकोला म्हणत होतो, गावी दाखवू.

यंदा मात्र ठरवलं. गावी कुणाला पत्ता लागू दिला नाही, जानेवारीची तिकिटंही काढली. त्यानंतर आठच दिवसांनी सकाळी ती चहा ओतत होती आणि चहा कपाच्या बाहेर पडत होता. मी ओरडलो, "अगं, लक्ष कुठंय?" ती म्हणाली, "महिनाभर डोळ्यांपुढे जाळी येतेय. म्हटलं, सांगितलं तर तुम्ही जायचंच रद्द कराल."

त्याच दिवशी तिला माझ्या मशीनसमोर बसवलं. हनुवटी टेकवली, हिरव्या दिव्याकडे बघ म्हटलं, बटण दाबलं. डॉक्टरांची वाट बघायची गरजच नव्हती. असे पडदे मी हजारो पाहिलेत. आत जिकडेतिकडे रक्त उतरलं होतं.

"काय दिसतंय हो?" तिने विचारलं.

"डॉक्टर सांगतील," मी म्हणालो. प्रत्येक पेशंटला हेच सांगतो, तेच तोंडातून निघालं. लाज वाटते मला त्याची.

लेझर झालं, इंजेक्शनं झाली. उजवा डोळा गेलाच. डाव्याने माणूस आलंय एवढं कळतं, कोण ते कळत नाही. याआधी कधी तपासलं होतं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझी मान खाली. तीच म्हणाली, "गावी दाखवणार होतो." डॉक्टरांनी तेवढंच कागदावर लिहून घेतलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा दुपारी ती टेबलाशी बसली होती. मी म्हटलं, "तिकिटं आहेत अजून. जाऊ या आपण. मी पाण्यात तुझ्या शेजारी उभा राहीन. जे जे दिसेल ते सगळं सांगेन."

तिने माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं.

"तुम्ही एकटे जाऊन या," ती म्हणाली. "आणि आल्यावर मला काही सांगू नका."