डोहातली नाव

गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठावर माझं सासर. लग्न होऊन आले तेव्हाच सासूबाईंनी मला डोह दाखवला होता. घाटाच्या खाली, खडकांच्या कपारीत साठलेलं काळं पाणी. निजामाच्या काळात दरोडेखोरांची नाव लुटीचा माल घेऊन पलीकडून येत होती, ती या खडकांवर फुटली आणि सोन्यासकट तळाला गेली, असं सगळं गाव सांगायचं. पोहणाऱ्यांच्या पायाला फळ्या लागायच्या म्हणे. पण बुडी मारून बघायला कुणी धजत नसे.

मग सलग दुसऱ्या वर्षीही पाऊस आला नाही. नदीची नुसती वाळू राहिली. गावानं सहकारी उपसा सिंचन संस्था काढून नदीवरून पाइप आणला होता, त्याच्या भरवशावर ऊस लावला होता. तो जागेवर वाळला. पाणी उरलं ते डोहात. गावची जनावरं त्यावरच जगत होती आणि आम्ही बायकाही तेच पाणी गाळून भरायचो.

माझे थोरले दीर संस्थेचे चेरमन. मुळात शांत माणूस. पण घरोघर फिरून ज्यांना सभासद केलं होतं, ते आता रस्त्यात दिसले की मान फिरवायचे. ते त्यांना लागलं. एके सकाळी ओसरीवर बसून ते म्हणाले, "डोह उपसायचा. सोनं निघालं तर संस्था उभी राहील. तशीबी ती मेलीच हाय."

सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "आन् ढोरं काय पितील?"

"टँकर येणार हाय, आई. तालुक्याला बोलून आलोय मी."

"कावून एवढी घाई? नाव काय पळून चालली का?"

दीर उठून सभासदांना बोलवायला गेले. संस्थेचं डिझेल इंजन घाटावरून खाली उतरवलं गेलं. एरवी तोंड न दाखवणारे सभासदही आले. उपसलेलं पाणी तापल्या वाळूवर पडत होतं आणि बघता बघता जिरत होतं. आम्ही हंडे घेऊन धावलो, पण घरात साठवून साठवून किती साठवणार?

तळ दिसला तशा चिखलातून नावेच्या फासळ्या वर आल्या. गडीमाणसं कमरेइतक्या गाळात उतरली. आधी हाडं निघाली. मग तांब्या, विळा, हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे. शेवटी जात्याची एक तळी निघाली. ती काठावर आणून ठेवली तेव्हा माझी जाऊ, चेरमनांची बायको, हळूच म्हणाली, "दरोडेखोर जातं कशाला वागवतील?"

कुठल्या तरी जुन्या दुष्काळात बिऱ्हाड घेऊन निघालेली माणसं होती ती. लोक एकेक करून घरी गेले. दीर मात्र हातानं गाळ उपसतच राहिले. त्यांचा लहानपणचा सोबती खाली उतरला, त्यांचा दंड धरून म्हणाला, "बस कर बे आता. खडक लागला." तेव्हा ते थांबले. सासूबाईंनी हाडं पोत्यात भरली आणि आम्ही ती काठावर पुरली.

टँकर आला तो उशिरा, आणि माणसांपुरताच. आमची म्हैस दावणीलाच मेली. कुणाकुणाची तर सगळी दावण रिकामी झाली. दसरा झाल्यावर अर्धं गाव ऊसतोडीला निघालं, त्यात सासूबाईंसकट आमचं सगळं घर. कालपर्यंत चेरमन म्हणवून घेणारे माझे दीर दुसऱ्याच्या फडात मोळ्या बांधायला लागले. मुकादम हाक मारी तेव्हा ते खाली बघूनच 'जी' म्हणत.

आमच्या पाठीमागं गावात वेगळंच चालू होतं. सोनं निघालं होतं, चेरमननं ते चिखलाखालून गुपचूप घरी नेलं, असं लोक बोलू लागले होते. उन्हाळ्यात परत आलो तर दाराचं कुलूप तोडलेलं. ओसरी, चूल, गोठा, सगळं खणून ठेवलेलं. देवाच्या देवळीखालची जमीनसुद्धा सोडली नव्हती.

"फौजदाराला सांगा," जाऊबाई म्हणाल्या.

"कुणाचं नाव सांगू? सगळे आपलेच हायेत," दीर म्हणाले. त्यांनी खोरं घेतलं आणि चुलीजवळचा खड्डा बुजवायला लागले. मी आणि जाऊबाई टोपल्यांनी माती देत राहिलो.