मांडीवरची कुत्री

जनावरांच्या दवाखान्यात मी मांजर घेऊन बसले होते. शेजारी लासूर स्टेशनहून आलेला एक म्हातारा शेतकरी होता. त्याच्या मांडीवर कुत्री होती. जीपच्या धडकेनं तिच्या कण्याला मार लागला होता आणि मागचे पाय लुळे पडले होते.

डॉक्टर म्हणाले, "उपचार करू, पण चालेलच असं नाही. नाहीतर इंजेक्शन देऊन शांतपणे कायमचं झोपवू. तुम्ही ठरवा, बाबा."

तो बराच वेळ तिचे कान कुरवाळत राहिला.

"लई दुखतंय का तिला?"

"दुखणं औषधानं थांबेल."

"मग करा औषद. चालायला माझे पाय हायेत की."

पुढं लासूरच्या बाजारात तो दिसला. कुत्री त्याच्या बैलगाडीत कांद्याच्या गोण्यांवर बसून साऱ्या बाजारावर ऐटीत भुंकत होती. तो तिला दटावत होता, पण हसत हसत.