पडद्यावरच्या घराचे न्हाणीघर

भावाची आणि वहिनीची आखातातली नोकरी पक्की झाली, तेव्हा त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीपुढे दोन घरे उरली: पनवेलचे मामाचे, नाहीतर दिवेआगरचे माझे. मे महिना तिने माझ्याकडे काढावा आणि मग तिनेच काय ते ठरवावे, असे झाले. तिला सोडायला आलेली वहिनी परत निघताना पडवीच्या पायरीवर चपला शोधत म्हणाली, "ताई, जमेल ना तुम्हाला? म्हणजे, एकट्याच तुम्ही."

मी कधी मूल वाढवलेले नाही, हे तिने शहाणपणाने गाळले. मी म्हटले, जमेल. मला खात्री होती. वादळाने पोफळी आडव्या पाडल्या, त्यांच्या जागी मी रोपे लावली, उन्हाळ्यामागून उन्हाळे शिंपली; आता त्यांच्या सावलीत उभे राहता येते. मुलीने माझ्याकडे राहावे असे मला मनापासून वाटत होते. ते मी कुणाला सांगितले नव्हते, आणि तिला तर सांगणारच नव्हते. पण मुलांना वास येतो अशा गोष्टींचा.

चार दिवसांनी दुपारी तिने लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. त्यात तिचा एक खेळ होता. आपणच घर बांधायचे, माणसे वसवायची, त्यांना जेवू घालायचे, निजवायचे, मुले वाढवायची. प्रत्येकाच्या भुकेची, झोपेची, स्वच्छतेची आणि आनंदाची एकेक पट्टी; भरलेली असली की हिरवी, रिकामी होत आली की लाल.

"आत्या, ही नुकती चालायला लागलीय. हिला वाढवून दाखव. वाढदिवसाला ती शाळेत जायच्या वयाची होईल. तोवर हसरी राहिली पाहिजे."

"आणि रडकी झाली तर?"

"तर मी मामाकडे." तिने हे इतक्या सहज सांगितले, की चेष्टा आहे का खरे, ते मला तिच्या डोळ्यांत शोधावे लागले. खरे होते.

मी घर बांधायला घेतले. मला येते तेच घर मी बांधले: पुढे पडवी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे झाडांची दाट रांग, आणि पार टोकाला न्हाणीघर व संडास. गावात पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या आणि घराघरांत संडास आत आले; माझे अजून वाडीच्या टोकालाच आहेत. घर म्हटले की ते तिथेच असतात, यापलीकडे माझ्या हाताला काही सुचलेच नाही. एक अंबाडा घातलेली बाई त्या घरात ठेवली आणि तिच्या कडेवर ते मूल दिले.

पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. पोरीला शी लागली, की ती आपली दुडुदुडु निघायची, आणि झाडांच्या मध्यावर पोचेतो सगळे आटोपलेले असायचे. मग भोकाड. बाई धावत जायची, तिला धुवायची, परत आणायची. तोवर चुलीवरचे करपलेले. एकेक पट्टी लाल होत गेली. सुपारी सोलायला येणाऱ्या मावशी माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाल्या, "अगो बाय, पोर रडताय ना. उचल त्याला."

"मावशी, ते खोटं आहे," भाची हसत म्हणाली.

"रडताय तर खरा," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा सुपारीकडे वळल्या.

"आत्या, संडास आत घे ना. एका क्लिकचं काम आहे. इतका लांब कुणी बांधतं का?"

"मी बांधते. तू नाही का जात रोज?"

"जाते, पण तुला घेऊन जाते."

हे ती बोलून गेली आणि ज्याने पडद्यावरची माणसे पळवायची तो बाण मी थांबवला. खरेच होते. आल्या दिवसापासून तिन्हीसांजेला ती हाक मारी, "आत्या, चल ना," आणि आम्ही निघत असू. पाटाच्या पाण्याने भिजलेल्या मातीचा गार वास, सुकत घातलेल्या सुपारीचा तुरट दर्प, आणि झाडांपलीकडे समुद्राचा संथ श्वास. वाटेवर फुरशासारखा विषारी साप असतो म्हणून मी तिला पाय आपटत चालायला शिकवले होते. आपटत चालताना ती बोलत असे: मामेभाऊ कसा घोरतो, विमानतळावर आई रडेल का, झाडांना रात्री झोप लागते का. घरात बसून तिने यातले अक्षर काढले नसते.

"घर हलणार नाही," मी म्हटले. "बाई हलेल."

तेव्हापासून पोर उठली की बाईला मी उठवू लागले. हातचे काम टाकून ती पोरीचे बोट धरी आणि दोघी झाडांतून निघत. मध्येच थांबवून मी बाईला तिच्याशी गप्पा मारायला लावी. खेळात तशी सोय होती. करपायचे ते करपले. एकदा दोघी शिळ्या पावावर निजल्या. पण पोरीचे रडणे ओसरले, आणि आनंदाची पट्टी, वाटेवर असताना, हळूहळू हिरवी होऊ लागली.

वाढदिवसाला भाची गुडघे पोटाशी घेऊन शेजारी बसली. पडद्यावर केक आला, चमचम उडाली, आणि एक लांब पायांची हसरी मुलगी उभी राहिली. ती काय काय शिकली ते खेळाने दाखवले.

"चालणं पूर्ण. बोलणं पूर्ण." भाची वाचत होती. "शी-शू… आत्या, शून्य. तू हिला काहीच शिकवलं नाहीस."

"शिकेल. घाई काय आहे?"

"शाळेत काय करेल?"

"कुणाला तरी सोबत नेईल."

तिने लॅपटॉप मिटला. मग माझा फोन घेऊन पायरीवर जाऊन बसली. मी आत सांजवात करत होते. तिचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू येत होता.

"आई, मी इथेच राहते. हो, विचार केला. हो गं, जमतं आत्याला. फक्त संडास फार लांब आहे, ते बाबाला सांगून ठेव." मग थोडे थांबून, "नाही, भीती नाही वाटत आता."

फोन तिने पडवीत ठेवला, खुंटीवरची बॅटरी काढली आणि अंगणात उतरून दोनदा पाय आपटले.

"आत्या, चल ना."

मी पायरीवर चपला घातल्या.